नोकरी बदलताना : सोबत काय न्यावे, मागे काय ठेवावे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त वसतिगृहाच्या सभागृहात आजी-माजी विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



'नोकरीतील आचरण' या विषयावर बोलावे असा निरोप विश्वस्तांकडून आला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी नगरच्या कापड बाजारात दुकानदार म्हणून गादीवर बसलो. नोकरी केली ती अवघी दोन वर्षे. अशा माणसाने नोकरदार तरुणांना काय सांगावे? परंतु आपल्यातील एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "शेठजी, नोकरी करणारे पुष्कळ बोलतात. नोकरी सोडून जाणारी माणसे ज्याने समोर बसून पाहिली, त्याने एकदा बोलावे." हे म्हणणे मला पटले. माझ्या दुकानातून आजवर पन्नास-साठ माणसे तरी सोडून गेली. कोणी चांगल्या रीतीने गेले, कोणी वाईट रीतीने. आणि एकाच्या बाबतीत वाईट रीतीने मीच वागलो. तेही आज सांगणार आहे. ते टाळून उरलेला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या वडिलांच्या काळी मुनीम एकदा पेढीवर आला की डोळ्यांना वही दिसेनाशी होईपर्यंत तेथेच राहत असे. आज माझी पुतणी पुण्याला हिंजवडीत नोकरीस आहे. वयाच्या तिसाव्या वर्षी ती चौथ्या कंपनीत आहे. जुन्या लोकांना हे ऐकून चुकल्यासारखे वाटते. मला तसे वाटत नाही. अधिक शिकता यावे, आईवडिलांजवळ राहता यावे, चार पैसे अधिक मिळावेत म्हणून नोकरी बदलणे यात काहीही गैर नाही. गिऱ्हाईक आपले दुकान सोडून शेजारच्या दुकानी गेले म्हणून आपण त्याला बेइमान म्हणत नाही. मग नोकराला तरी का म्हणावे?

कायदाही हेच सांगतो. बी. कॉम.ला आम्हाला १८७२ चा भारतीय करार कायदा अभ्यासाला होता. त्याच्या २७ व्या कलमानुसार कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय वा उद्योग करण्यापासून रोखणारा करार, कायद्यातील अपवाद वगळता, तेवढ्यापुरता रद्द ठरतो. म्हणजे 'आमची नोकरी सोडल्यावर तू या धंद्यात कोठेही काम करायचे नाहीस' असे मालकाने लिहून घेतले, तरी ते सहसा टिकत नाही. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टायरसाठी लागणाऱ्या दोऱ्याचे उत्पादन परदेशी कंपन्यांच्या तंत्रसाहाय्याने सुरू झाले होते. तेथील एका पर्यवेक्षकाने १९६३ साली पाच वर्षांचा करार केला आणि १९६४ सालीच तो सोडून अधिक पगारावर कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात तो गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९६७ साली न्यायालयाने निर्णय दिला, की कराराची मुदत चालू असताना तशाच कामासाठी दुसरीकडे न जाण्याचे बंधन वैध आहे आणि तेथे शिकलेली गुपिते बाहेर नेता येणार नाहीत. आपण कापडवाले, म्हणून धाग्यादोऱ्याचा हा खटला माझ्या लक्षात राहिला. त्यातून मी एवढेच घेतले : जाण्याचा हक्क तुमचा आहे, पण दिलेला शब्द आणि सोपवलेली वस्तू सोबत नेण्याचा हक्क तुमचा नाही.

कायदा येथपर्यंत येऊन थांबतो. पुढचे मला एका वृद्ध मुनिमांनी शिकवले.

बी. कॉम. झाल्यावर १९८१ साली मी मुंबईला मूळजी जेठा मार्केटमधील एका पेढीवर हिशेबनीस म्हणून लागलो. काही महिन्यांतच, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, मुंबईच्या गिरण्यांचा माल बाजारात येईनासा झाला आणि मार्केटातील गल्ल्या दुपारीही रिकाम्या दिसू लागल्या. अशा दिवसांत माझ्या वडिलांची प्रकृती बिघडली आणि मला गावी परतणे भाग पडले. मी शेठजींना सांगितले व दुसऱ्याच दिवशी गाडी पकडण्याची तयारी केली. तेव्हा मुनीमकाकांनी मला जवळ बसवून विचारले, "वडिलांजवळ आज कोण आहे?" मी म्हणालो, "थोरले बंधू आहेत." ते म्हणाले, "मग तीन आठवडे थांब. तुझ्या खतावणीत काय आहे ते मला दिसते. तुझ्या डोक्यात काय आहे ते मला दिसत नाही. ते उतरवून दे आणि मग जा."

त्या तीन आठवड्यांत मी एक शंभर पानी वही भरली. कोणत्या व्यापाऱ्याची हुंडी कोणत्या तारखेला येते, कोणाचा माल नेहमी दोन ताके कमी निघतो, कोणाशी सकाळी बोलावे आणि कोणाशी जेवणानंतर, कोणाची बाकी वादात आहे आणि वाद कशावरून आहे, हे सारे मी लिहून काढले. माझ्या हातून झालेल्या दोन चुकाही मुनीमकाकांनी त्याच वहीत माझ्याकडून लिहवून घेतल्या. म्हणाले, "तू गेल्यावर सापडल्या तर त्यांना लबाडी म्हणतील. आज सांगितल्यास तर चूक म्हणतील." निघताना शेठजींनी माझ्या हातावर नारळ आणि पूर्ण पगार ठेवला.

पुढे १९९१ च्या लग्नसराईत आमच्या दुकानावर वेळ आली. पैसे अडकलेले, बस्ते बांधायला गिऱ्हाईक दारात आणि फळीवर माल नाही. मी त्याच पेढीला पत्र लिहिले. तीस दिवसांच्या उधारीवर माल आला, तोही तारणाशिवाय. मुनीमकाका तोवर वारले होते. शेठजींच्या चिरंजीवांनी मला सांगितले, की तुमची ती वही अजून आमच्या कपाटात आहे, नव्या माणसाला आम्ही तीच वाचायला देतो. मित्रहो, आम्हाला उधारी मिळाली ती माझ्या हुशारीवर नव्हे, माझ्या निरोपावर. माणूस रुजू कसा झाला हे कोणी लक्षात ठेवत नाही. तो गेला कसा, हे सारे लक्षात ठेवतात.

आता सोबत काय न्यावे आणि काय नेऊ नये, याकडे वळतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पुरते मोडत नाही, पण त्याला डाग लागतो. त्या पाचांपैकी तीन शब्द वाचताना मला नेहमी वाटते, की ते आजच्या कचेरीसाठीच लिहिले असावेत.

पहिला शब्द न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू परत न करणे. पूर्वी ती वस्तू सोन्याची साखळी असे. आज ती गिऱ्हाइकांची यादी आहे, दरपत्रक आहे, संगणकातील नकाशे आणि आज्ञावली आहेत. 'हे सारे मीच तयार केले' असे तरुण म्हणतात. शिंप्याने शर्ट शिवला म्हणून तो शर्ट शिंप्याचा होत नाही. तुमचे कसब तुमचे आहे, ते कोणीही काढून घेऊ शकत नाही. पण पगार घेऊन जे तयार केले ते पेढीचे आहे. शेवटच्या दिवशी मोबाईलमध्ये व पेनड्राइव्हमध्ये काय राहिले आहे ते स्वतःच पाहा आणि विचारण्याआधी परत द्या.

दुसरा शब्द साकारमंत्रभेद, म्हणजे विश्वासात कळलेली गोष्ट दुसरीकडे उघड करणे. नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात कोणीतरी चहा पाजून विचारते, "तिकडे खरेदी कोणत्या भावाने होते हो?" ज्याला तुम्ही हे सांगाल, तो त्या क्षणी आनंदित होईल आणि त्याच क्षणी मनात नोंद करील, की हा माणूस उद्या आमचेही सांगणार.

तिसरा शब्द कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेख तयार करणे. दोन वर्षांचा अनुभव चार वर्षांचा लिहिणे, न केलेल्या कामावर आपले नाव घालणे, पगाराची खोटी पावती दाखवणे, ही सारी कूटलेखक्रियाच. आज मोठ्या कंपन्या उमेदवाराची माहिती बाहेरच्या संस्थांकडून तपासून घेतात. त्या तपासणीत खोटे उघडकीस आले तर मिळालेली नोकरीही जाते. पण तपासणी नसती तरी काय? खोट्या अनुभवावर जो बसतो त्याला रोज भीत-भीत बसावे लागते. एका वेळी दोन ठिकाणी गुपचूप काम करण्याचा प्रकारही याच्याच शेजारचा. २०२२ साली विप्रो कंपनीने प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. दुसरे काम करायचे असेल तर विचारून करावे. लपवावे लागते, यातच त्याचे उत्तर आले.

आता थोडे व्यवहाराचे सांगतो. नव्या ठिकाणचे लेखी नियुक्तिपत्र हाती आल्याशिवाय जुना राजीनामा देऊ नका. राजीनामा द्यायचा ठरला की ती बातमी प्रथम तुमच्या वरिष्ठांना, समोर बसून सांगा. जेवणाच्या सुट्टीत मित्रांना सांगितलेली गोष्ट वरिष्ठांना तिसऱ्याच्या तोंडून कळली, तर त्या क्षणी तुमच्या चांगल्या कामाचाही विसर पडतो. पत्र चार ओळींचे असावे. त्यात तक्रारींची यादी नसावी. तक्रार खरी असेल तर ती नोकरीत असताना, उपाय होऊ शकेल अशा वेळी मांडावी. सूचनेचा काळ एक महिन्याचा असो वा संगणक क्षेत्रात असतो तसा तीन महिन्यांचा, तो नव्या ठिकाणी आधीच स्पष्ट सांगा. 'उद्यापासून येतो' असे म्हणणाऱ्या माणसाबद्दल मी दुकानदार म्हणून नेहमी विचार करतो, की हा आमच्याकडूनही असाच जाईल.

पगार वाढवून घेण्यासाठी दुसरीकडचे नियुक्तिपत्र दाखवून भाव करू नका. एकदा वाढ मिळेल, विश्वास मात्र घटेल. एका ठिकाणी होकार देऊन रुजूच न होणे, हाही आज वाढलेला दोष आहे. त्या जागेसाठी ज्याला नकार दिला गेला, त्या दुसऱ्या मुलाच्या घराचा विचार करावा.

हिशेबाच्या दोन गोष्टी बी. कॉम. माणूस म्हणून सांगतो. नोकरी बदलली की भविष्यनिर्वाह निधी काढून खर्च करू नका, तो नव्या खात्याकडे वर्ग करा. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच कायम क्रमांक मिळतो, त्यामुळे हे सोपे झाले आहे. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी रक्कम काढली तर तिच्यावर प्राप्तिकर लागू शकतो, आणि मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. दुसरे, वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर जुन्या ठिकाणचा पगार व कापलेला कर नव्या ठिकाणी कळवा. नाही तर दोन्हीकडे करसवलत धरली जाते आणि विवरणपत्र भरताना कराची मोठी रक्कम एकदम अंगावर येते.

नव्या ठिकाणी सर्वांशी जुळवून कसे घ्यावे, याबद्दल माझे सांगणे थोडके आहे. पहिले तीन महिने 'आमच्या जुन्या कंपनीत असे होते' हे वाक्य उच्चारू नका. नवी सून रोज माहेरचे गुण गाऊ लागली तर सासरचे कोण ऐकून घेईल? आधी तेथील रीत समजून घ्या. जी रीत चुकीची वाटते, तिच्यामागे पुष्कळदा एखादे जुने नुकसान असते. शिपाई, पहारेकरी, चहा आणणारा मुलगा यांची नावे पहिल्या आठवड्यात शिका. दुसऱ्याने केलेल्या कामाचे श्रेय चारचौघांत त्याच्या नावाने द्या आणि चूक दाखवायची असेल तर एकांतात दाखवा. आमच्या दुकानात एक सेल्समन असा होता, की गिऱ्हाइकाने शालू पसंत केला की म्हणे, "हा ताई, आमच्या या पोऱ्याने तुमच्यासाठी काढून ठेवला होता." पुढे तो सोडून गेला, तेव्हा त्या पोऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. कोणाशी पटत नसेल तर निदान त्याच्यामागे बोलू नका. निम्मी भांडणे तेथेच संपतात.

हे सारे तुमच्या बाजूचे झाले. आता आमच्या, म्हणजे मालकांच्या बाजूचे.

माझ्याकडे एक सेल्समन चौदा वर्षे होते. त्यांचे नाव घेत नाही. पंधराव्या वर्षाचे पोर म्हणून आले, माझ्याबरोबर गाठोडी उचलत मोठे झाले. कापडाला हात लावून सूत सांगत. १९९७ साली त्यांना दुसऱ्या शहरातील एका मोठ्या दुकानातून बोलावणे आले. त्यांनी मला एक महिना आधी, समोर बसून सांगितले. म्हणजे आतापर्यंत मी जे जे सांगितले, ते सारे त्यांनी केले. पण महिना संपत होता तो नेमका लग्नसराईच्या तोंडावर. मला राग आला. मी म्हणालो, "ज्या ताटात जेवलात त्यालाच छिद्र पाडताय?" ते काही बोलले नाहीत. महिनाभर खाली मान घालून काम करीत राहिले.

त्यांच्या नावावर उचल होती. ती वजा जाता पगार व बोनस मिळून अकरा हजार चारशे रुपये निघत होते. ते मी रोखून ठेवले. एवढ्यावर थांबलो असतो तर आज कदाचित उभा राहून सांगितले नसते. त्या मोठ्या दुकानाच्या मालकांचा मला फोन आला, माणूस कसा आहे म्हणून. मी म्हणालो, "कामाला चांगला आहे, पण गल्ल्यापाशी लक्ष ठेवा." चौदा वर्षांत त्यांच्या हातून गल्ल्यात एका रुपयाचाही फरक पडला नव्हता. ती नोकरी त्यांना मिळाली नाही.

पुढची काही वर्षे ते आठवडी बाजारांतून गाठोडे घेऊन फिरले, मग एका तालुक्याच्या गावी त्यांनी छोटे दुकान मांडले. मी मात्र दर संवत्सरीला चारशे लोकांना छापील क्षमापनापत्रे पाठवत राहिलो. पाकिटांवर पत्ते घालायला मुलगा बसे. त्या चारशेंत त्यांचे नाव कधीच नव्हते. २००९ साली पाकिटे लिहिताना मुलाने सहज विचारले, "बाबा, काकांना नाही पाठवत आपण?" त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने त्यांच्या दुकानी गेलो. त्यांनी मला गादीवर बसवले, स्वतः खाली बसले. मी फोनवर काय बोललो होतो ते सांगितले. ते म्हणाले, "शेठ, मला ते त्याच आठवड्यात कळलं होतं." मी विचारले, "मग बाजारात कोणाला बोलला कसा नाहीत?" ते म्हणाले, "तुमचं दुकान वाईट असं सांगितलं असतं, तर तिथं काढलेली माझी चौदा वर्षंच खोटी ठरली असती."

मी अकरा हजार चारशे आणि बारा वर्षांचे व्याज पुढे ठेवले. त्यांनी मूळ रक्कम घेतली, नोटा मोजल्या आणि वहीत जमा मांडली. पैसे कोणाकडूनही आले तरी मोजून घ्यावेत, हे मीच त्यांना शिकवले होते. व्याज त्यांनी परत सरकवले. ते का, हे मी विचारले नाही. त्यांनी मला क्षमा केली असे ते म्हणाले. पण ती नोकरी, ती बारा वर्षे आणि त्या वर्षांत त्यांच्या मुलांना जे मिळू शकले नाही ते, हे काही मला परत करता आले नाही. त्याची बाकी माझ्या खात्यावर अजून उभी आहे.

म्हणून येथे बसलेल्या व्यापारी बंधूंना हात जोडून सांगतो. सोडून जाणाऱ्याचा पगार अडवू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याचे बंधन आहे. दहा वा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षे सेवा झालेल्यास दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके उपदान द्यावे लागते. पण ज्यांच्याकडे चारच माणसे आहेत, त्यांनाही मनाचा कायदा आहेच. कोणी माणसाबद्दल विचारले तर खरे तेवढे सांगा. एका वाक्याने एक घर बसते किंवा उठते, हे मी पाहिले आहे.

आणि तरुण मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. तुम्ही चांगल्या रीतीने बाहेर पडलात म्हणून समोरचाही चांगला वागेल, अशी हमी मी देऊ शकत नाही. मीच वागलो नाही. तरीही तुम्ही तुमचा हिशेब चुकता करूनच निघा. त्या दिवशी त्या छोट्या दुकानात गादीवर मी बसलो होतो आणि ते खाली बसले होते, पण मान वर करून बोलू शकत होते ते दोघांपैकी एकटेच.